तीन शून्यं

आमच्या घरात सकाळी आठ वाजता कुणी मरायचं नाही, असा आत्याचा टोमणा होता. मेलंच तर खांदा द्यायला आबा घरी नसतील, ते चावडीमागं बाटली बघायला गेलेले असतील. आबा म्हणजे माझे वडील, आणि बाटली म्हणजे पाऊस मोजायची. चावडीच्या मागं तारेच्या कुंपणात तांब्याचं एक नळकांडं जमिनीत रोवलेलं होतं. तोंडावर नरसाळं, पोटात बाटली. दिवसरात्रीचा पाऊस त्या बाटलीत उतरायचा. आबा तो इंच-सेंटांच्या खुणा केलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचे, पेला डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचे, आणि घरी येऊन वहीत आकडा मांडायचे. आमचं गाव अंबडहून चार कोसांवर. गावच्या नाल्यावर तलाव बांधायचा सरकारच्या मनात आलं, म्हणून पाऊस किती पडतो ते बघायला ही बाटली आली. आबा अंबडला चार यत्ता उर्दू शिकलेले, म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली. वही उर्दूत लिहावी लागायची, हैद्राबाद संस्थानचा सगळा कारभारच उर्दूत. पटवारी राहायचा अंबडला, त्यामुळे गावात ती वही वाचू शकणारा माणूस एकच, माझा बाप. एकाच माणसाला वाचता येईल अशी वही गावात असली की काय होतं, ते मी सांगणार आहे.

गावाचा त्या बाटलीवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी म्हणायचं, आज पाऊस मोजून राह्यलेत, उद्या पावसाचा सारा घेतील. कुणी म्हणायचं, नरसाळं बसल्यापासून ढग गावावरून जल्दी जल्दी पुढं निघून जातात. एकदा तर भर कोरड्या दिवशी बाटलीत बोटभर पाणी निघालं. आबांनी ते हुंगलं आणि कुंपणाबाहेर फेकून दिलं. म्हणाले, "पावसाला हळदीचा वास न्हाई येत." कुण्या भाविक बाईनं पूजेचं पाणी नरसाळ्यात ओतलं होतं, सरकारला आपल्या गावचा पाऊस जरा जास्त दिसावा म्हणून. दुसरीकडं तलाव झाला तर ज्यांची शेतं बुडणार होती, ते आबांना रस्त्यात गाठून म्हणायचे, "आबा, जरा हात आखडून लिहा." आबा हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. "बाटलीत असंल तेवढंच," म्हणायचे. ज्याला जे हवं ते न देणारा माणूस कुणाच्याच मर्जीत राहत नाही, आणि आबा नव्हतेच.

घरात आम्ही चौघं. आबा, माय, मी आणि आबांची थोरली बहीण. ही आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आबा तिला अक्का म्हणायचे. माझी माय फारशी बोलायची नाही. तिचं बोलणं जात्याच्या घरघरीत जिरून जायचं. आत्या मात्र उठल्यापासून निजेपर्यंत संशय घ्यायची. शेजारीण ताक मागायला आली तर हिची नजर तिच्या पदराखाली. मी आमटीत भाकर कुस्करायला लागले की हिनं विचारावं, आज एवढी भूक का गं, दुपारी कुठं फिरत होतीस? तिच्या हातची येसराची आमटी आणि कारळाची चटणी पुन्हा कुठं मिळाली नाही, पण ती वाढतानासुद्धा ताटाकडं न बघता तोंडाकडं बघायची. "पाणी कुठंतरी मुरतंय," हे तिचं आवडतं वाक्य. मी तिच्या पदराला धरून वाढले, तेव्हा हा गुण माझ्यात आला नसता तरच नवल. पुढं मी एका शहरातल्या हवामानाच्या कचेरीत नोकरीला लागले आणि गावोगावच्या पावसाच्या वह्या तपासण्यात सगळी हयात घालवली. कुठल्या गावच्या माणसानं खरंच बाटली बघितली आणि कुणी घरी बसून आकडा ठोकला, हे मला कागदावरून ओळखू यायचं. वरिष्ठ म्हणायचे, बाईंचं नाक तीक्ष्ण आहे. ते नाक आत्याचं. त्या नाकानं पहिल्यांदा कुणाचा वास काढला ते मी कचेरीत कधी सांगितलं नाही.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. तलावाचा बांध त्याच उन्हाळ्यात पुरा झाला होता. बांधणारा यल्लू मुकादम जातीनं वडार, दगडमातीतला कसबी माणूस. बायको गंगव्वा आणि बिऱ्हाडातली दहा-पंधरा माणसं घेऊन तो नाल्यावरच्या मुरमाड टेकाडावर पालं टाकून राहायचा. त्याच्या डोक्यावर एक ओव्हरसियर होता, हैद्राबादेकडचा, डोक्यावर हॅट आणि खांद्याला चामड्याची पिशवी. काम ओव्हरसियर सांगणार आणि वडार करणार. भाद्रपद संपता संपता एका दुपारी मी आणि माय खळ्यावर मूग झोडत होतो. उत्तरेकडून काळं उठलं. आम्ही मूग गोळा करेपर्यंत थेंब आले, आणि घराच्या उंबऱ्यात पोचेपर्यंत पाऊस असा काही कोसळायला लागला की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. आमच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत. त्यावर पावसाचा आवाज होतो तो टपटप नाही, उखळात कांडल्यासारखा धप धप. आत्या घरभर भांडी मांडत फिरत होती, एक ठिबकणं बंद केलं की दुसरं सुरू. दिवेलागणीपर्यंत थांबलाच नाही. आणि थांबता थांबता नाल्याकडून गडगडल्यासारखा आवाज आला, तो ढगाचा नव्हता. आबा दारात उभे होते. म्हणाले, "बांध गेला."

सकाळी सगळं गाव बांधाकडं पळालं. मधोमध भगदाड पडलेलं, खालच्या अंगाची शेतं गाळात गेलेली. वडारांची दोन गाढवं वाहून गेली होती, माणसं टेकाडावर म्हणून वाचली. यल्लू मुकादम भगदाडाच्या कडेला उकिडवा बसून होता. मी टेकाडावर पोरींसोबत बसले होते. तिथं त्यानं नवी घडवलेली जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण उघड्यावर पडली होती. तिच्यातल्या पावसाच्या पाण्यात मी हात बुडवला तर बांगड्या भिजल्या. या सगळ्या गर्दीत एक माणूस नव्हता. आठ वाजले होते आणि आबा चावडीमागं गेले होते. लोकांच्या ते लगेच ध्यानात आलं. एकजण म्हणाला, "गावावर मरणाची येळ आली, अन् हे बाटली बघून राह्यलेत." मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. मला आबांची लाज वाटली.

दुपारी ओव्हरसियर घोड्यावरून आमच्या घरी आला. याआधी तो कधी आमच्या ओसरीवर बसला नव्हता. त्या दिवशी बसला, चहा घेतला, आणि सोबत आणलेली खजुराची पुडी मायकडं दिली. मी दाराआड उभी. त्याचं बोलणं हळू आणि हिंदीत, त्यामुळे मला तुकडेच ऐकू आले. "अंबड में सिर्फ बारा सेंट," असं काहीसं. "बराबर करके लिखो." "आपका भी ख्याल रखेंगे." आबा नुसतं "हं" म्हणत होते. तो गेल्यावर आबांनी खजुराची पुडी उचलून बैलांच्या गव्हाणीत टाकली, हे मला फार नंतर मायनं सांगितलं. मी बघितलं ते इतकंच की पुडी घरात आली आणि नंतर दिसली नाही. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या साहेबाला आजच कसा चहा गोड लागला गं?" तेवढं पुरे झालं मला.

आबा शेताकडं गेल्यावर मी कोनाड्यातली फडक्यात गुंडाळलेली वही काढली. त्या वहीला हात लावायची आम्हा कुणालाच परवानगी नव्हती. उर्दू मला येत नव्हतं. पानापानावर काड्या, आकड्या, मध्येच शाई गळल्यासारखे ठिपके. पण शेवटची ओळ त्याच सकाळची आहे हे समजायला उर्दू लागत नव्हतं, शाई अजून काळीभोर होती. त्या ओळीत एक खाना इंचाचा, एक सेंटाचा. एका इंचाचे शंभर सेंट, हे आबांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. इंचाच्या खान्यात एक शून्य. सेंटाच्या खान्यात दोन शून्यं. तीन शून्यं, स्वच्छ, गोल, एकही कमी-जास्त नाही. आदल्या दिवशी बांध फुटेपर्यंत पाऊस पडला आणि माझ्या बापानं लिहिलं होतं, पाऊस नाही.

मला सगळं एकदम लख्ख दिसायला लागलं. पाऊस नाहीच तर बांध फुटला कशानं? कच्च्या कामानं. कच्चं काम कुणाचं? यल्लू मुकादमाचं. ओव्हरसियर सुटला, वडार अडकला, आणि हे सगळं आबांच्या तीन शून्यांनी, एका पुडीच्या बदल्यात. उर्दू आकडे वेगळे असतात एवढं मला ठाऊक होतं. पण शून्य म्हणजे शून्य, ते जगात सगळीकडं गोलच असणार, अशी माझी पक्की समजूत. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी वही गुंडाळून ठेवली आणि सरळ आत्याकडं गेले. तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं घागर घेऊन आडावर गेली. आडावर आत्या पाणी आणायला गेली असं आमच्याकडं कुणीच मानायचं नाही.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, आबांनी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय विस्तव मागायला शेजारी गेली तर शेजारीण म्हणाली, चूल विझली, आणि तिच्या घरातून धूर निघत होता. न्हाव्यानं आबांना पारावरून परत पाठवलं. ज्यांना कालपर्यंत आबांनी पाऊस कमी लिहायला हवा होता, तेच आता म्हणत होते, गरिबाच्या पोटावर पाय दिला. त्याच दुपारी पोलीस आले आणि यल्लूला बेड्या घालून चावडीत बसवलं. तहसीलदार साहेब उद्या चौकशीला येणार, चूक शाबीत झाली तर त्याला जालन्याच्या तुरुंगात पाठवणार, असं जाहीर झालं. तासाभरात गंगव्वा आमच्या दारात आली. कडेवर पोर, पायात चिखल. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"आबा," ती म्हणाली, "तुमी सुन्य लिवलं म्हनतेत लोक. खरं हाय का?"

आबा बैलाच्या दाव्याला पीळ घालत बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मला वाटलं, खाई त्याला खवखवे, आता बघतात कसे. ते म्हणाले, "गंगव्वा, मी बाटलीत व्हतं ते लिवलंय. उद्या साहेब वही वाचतील. तवर दम धर."

"वाचल्यावर माजा मानूस सुटंल का?"

"ते माज्या हातात न्हाई."

गंगव्वा गेली. मी मनात म्हटलं, बघा, नाही म्हणाले नाहीत. ज्याच्या पोटात पाप नसतं तो चटकन नाही म्हणतो, हे माझं तेव्हाचं शास्त्र. त्या संध्याकाळी कुणीच नीट जेवलं नाही. आबांनी दोन घास खाल्ले आणि ओसरीवर जाऊन बसले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होते आणि त्यांच्याकडं तिरप्या डोळ्यांनी बघत होते. एवढा साधा दिसणारा माणूस असं करू शकतो, याचं मला भय वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर, आपण ते पकडलं याचा आतून थोडा ताठाही होता. बापाचा द्वेष करताना जीव तुटत होता, तरी ताठा होता. माणूस असाच असतो, निदान मी तरी होते.

दुसऱ्या दिवशी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाया बाहेर भिंतीला टेकून, मी आत्याच्या मागं. तहसीलदार म्हातारे होते, पांढरी दाढी, कमी बोलणारे. यल्लू बेड्यांसकट कोपऱ्यात. ओव्हरसियरनं आधी आपलं म्हणणं मांडलं, माती नीट चोपली नाही, वडारांनी फसवलं. यल्लू एवढंच म्हणाला, "साहेब, सांडवा बारा हात रुंद करायचा व्हता. ह्यांनी आठावर थांबवला. जादा पानी जायला वाटच ठिवली न्हाई." सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर काढायची वाट. ओव्हरसियर म्हणाला, नेहमीच्या पावसाला आठ हात पुरतो. म्हणजे सगळं येऊन अडलं ते एका गोष्टीवर, त्या दिवशी पाऊस नेहमीचा होता की नव्हता. तहसीलदारांनी आबांकडं हात केला. आबांनी वही दिली. साहेबांनी चष्मा लावला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"पाँच इंच. पचपन सेंट."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. साहेबांनी पुन्हा वाचलं, पाँच, आणि पचपन. आत्या माझ्याकडं वळून म्हणाली, "अगं पण तू तर शून्य—" तेवढ्यात आबांचा आवाज आला, एवढ्या गर्दीत, एवढ्या साहेबांसमोर, "अक्का, गप." थोरल्या बहिणीला ते असं कधीच बोलले नव्हते. लोक चपापले, आणि मग कुजबूज सुरू झाली, शून्याची आवई ह्या अक्कानंच उठवली म्हणून. आत्यानं ओठ मिटले ते मिटलेच.

उर्दूतलं पाच म्हणजे आपल्या शून्याचं सख्खं भावंड, वरच्या अंगाला जरा चिमटा घेतलेलं. आणि उर्दूतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी ज्यांना शाईचे डाग समजत होते, ती शून्यं होती. ज्यांना शून्यं समजले, ते पाच होते. गेल्या कित्येक वर्षांतला आमच्या गावचा सगळ्यांत मोठा पाऊस मी शून्यात काढला होता.

पण ओव्हरसियर इतक्यावर गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, अंबडच्या कचेरीत त्याच दिवशी बारा सेंट पाऊस नोंदलाय, चार कोसांत एवढा फरक पडेल कसा, या माणसानं वडाराशी संगनमत करून आकडा फुगवलाय. झालं. काल गाव म्हणत होतं आबांनी पाऊस खाल्ला, आज सरकार म्हणायला लागलं आबांनी पाऊस वाढवला. आबांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा बघितला. ते म्हणाले, "साहेब, ढग काय तालुक्याचा नकाशा बघून पडतो का?" साहेब हसले नाहीत. म्हणाले, "सबूत चाहिए."

मला काय झालं ठाऊक नाही. मी आत्याच्या मागून पुढं आले आणि बोलले, "साहेब, वडारांच्या टेकाडावर डोण हाय. नवी. तिच्यात त्या दिवसाचं पानी हाय. मी हात घातल्ता, बांगड्या भिजल्या." माझी मुंडी धरून कुणीतरी मला मागं ओढलं. साहेब उठून उभे राहिले. सगळी चावडी टेकाडाकडं निघाली, बेड्यांसकट यल्लूही. डोण तिथंच होती, सरळ उभ्या भिंतींची, चारी कडा छिन्नीनं सारख्या केलेल्या. त्या दोन दिवसांत वडारांच्या पालात कुणाला तिच्याकडं बघायचीही शुद्ध नव्हती. पाणी जरासं उतरलं होतं, पण दगडाच्या भुकटीची पांढरी रेघ वरच्या पातळीवर तशीच होती. साहेबांनी ओव्हरसियरच्याच पिशवीतून फूटपट्टी मागून घेतली. तळापासून रेघेपर्यंत पट्टी धरली. साडेपाचाच्या खुणेला रेघ टेकत होती.

मग ते आणखी पुढं निघाले, नाल्यापलीकडच्या वाडीत, अर्धा कोससुद्धा नसेल. तिथल्या म्हातारीला त्यांनी विचारलं, बांध फुटला त्या दिवशी पाऊस किती झाला. ती म्हणाली, "कसला पाऊस? चार शिंतोडे आल्ते. मूग वाळत घातल्ता तो बी म्या उचलला न्हाई." अंगणात तिचा मूग पसरलेला होता, खडखडीत वाळलेला. तहसीलदार त्या मुगाकडं बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "छोड दो उसको."

त्या म्हातारीच्या मुगानं मला जन्माचं शिकवलं. पुढं नोकरीत मी नकाशे बघितले, त्यावर अख्ख्या मराठवाड्याला एकच रंग फासलेला असायचा, पाऊस सरासरीइतका. मी प्रत्येक वेळी त्या रंगाकडं संशयानं बघितलं. ज्या ढगानं आमचा बांध फोडला तो अर्ध्या कोसाचा होता, पण त्याच्या पोटातलं पाणी शेकडो कोसांवरच्या समुद्रातून आलेलं. तालुक्याची सरासरी काढली की आमचा ढग तिच्यात विरघळतो, आणि वीस वर्षांची काढली की ते सबंध सालच विरघळून जातं. लहान माप घेतलं तर मोठं दिसत नाही, मोठं घेतलं तर लहान बुडतं. हल्ली टीव्हीवर कुणी छातीठोकपणे सांगतो, यंदा पाऊस असा आणि तसा, तेव्हा मी विचारते, कुणाच्या अंगणात रे बाबा? घरातली मंडळी म्हणतात, आजी कुरकुऱ्या झाल्या. झाले असेन.

यल्लूच्या बेड्या तिथंच वाडीत काढल्या. गंगव्वानं आबांच्या पायावर पोर घातलं. आबांनी ते उचलून परत तिच्या कडेवर दिलं. ओव्हरसियरचं पुढं काय झालं ते मला नक्की ठाऊक नाही. बढती मिळाली असं कानावर आलं होतं, आणि मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. न्हावी दुसऱ्याच दिवशी आपणहून घरी आला. शेजारणीची चूल पेटली. गावानं आत्याला महिनाभर टोचलं, तुमच्या जिभेला हाड नाही म्हणून, आणि आत्यानं ते सगळं ऐकून घेतलं. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. तिच्यावर मी या पानांत बरंच लिहिलंय, तेव्हा हेही लिहायलाच हवं.

पण माझा जीव ठिकाणावर नव्हता. दोन दिवस मी आबांच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरीवर एकटेच होते. मी गेले आणि एका दमात बोलून टाकलं.

"आबा, ते शून्य आत्यानं न्हाई, मी बघितलं. मीच सांगितलं. वही मी काढली."

"ठावं हाय," ते म्हणाले. "वही उलटी गुंडाळली व्हती तू."

"मंग गंगव्वा दारात आल्ती तवा का न्हाई सांगितलं, ते पाच हाय म्हणून? गावानं तुमाला काय काय म्हणलं."

मला वाटलं, आता वहीला हात लावल्याबद्दल बोलतील. मला ते ऐकायचंच होतं, मार खायचा असता तरी मी खाल्ला असता.

"पाच म्हणलं असतं," ते म्हणाले, "तर पयला सवाल आला असता, मंग शून्य कुणी सांगितलं. वही आपल्या घरात. अक्काला तर अक्षरओळख न्हाई, ती काय वही काढंल? तुजंच नाव निघालं असतं. लोक म्हणले असते, ह्याची पोरगी खोटारडी. माज्यावरला संशय साहेब आल्यावर फिटणारच व्हता. तुज्यावरला कुणी फेडला असता?"

ते बैलांना पाणी दाखवायला उठले. पायरी उतरता उतरता थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन हातावर बसली व्हतीस तू माज्या. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी तिथंच बसून रडले. त्यांनी मला ऐकलं असणार, पण ते मागं वळले नाहीत. आबा गेले त्याला आता किती वर्षं झाली. दोन हातांवर बसून मी त्यांना का विचारलं नाही, हे मी अजून स्वतःलाच विचारते.